भिलारचा ओटा आणि आमचा पाडवा

वर्षप्रतिपदा जवळ आली, कीं आमच्या दुकानांत दोन गोष्टी नेमानें घडतात. पहिली ही, कीं नव्या पंचांगांची थप्पी दाराशींच मांडली जाते. आणि दुसरी ही, कीं आम्ही कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘यंदां वाचावयाचीं पुस्तकें’ असा मथळा घालून त्याखालीं पंचवीस-तीस नांवें लिहितों. पंचांगें पाडव्याच्या दुपारपर्यंत संपतात. यादी मात्र वर्षभर पुरते. किंबहुना ती पुढच्या वर्षासहि पुरते, कारण तींतील बहुतेक नांवें तशींच राहिलेलीं असतात. गेल्या फाल्गुनांत सहज म्हणून आम्ही जुन्या वह्या काढून चाळल्या, तों एकाच ग्रंथाचें नांव सलग अकरा पाडव्यांना लिहिलेलें आढळलें. तो ग्रंथ कोणता, हें येथें लगेच सांगण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. कारण त्याच्या शेंकडों प्रति आम्हीं ‘घरांत असलाच पाहिजे’ असें सांगून गिऱ्हाइकांस विकल्या आहेत.

वाचकांस आमची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आमचें पुस्तकांचें दुकान पुण्यांत अप्पा बळवंत चौकापासून हांकेच्या अंतरावर एका बोळांत आहे. तें आमच्या आजोबांनीं मांडलें, वडिलांनीं वाढविलें आणि आम्हीं निदान मोडूं दिलें नाहीं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून आम्ही अधूनमधून लिहितोंहि. दोन निबंधसंग्रह आमच्या नांवावर आहेत. घरांत आई, आम्ही, आमचे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें व मुलें मिळून अकरा माणसें एका छपराखालीं राहतों. तात्पर्य, पुस्तकें विकणें, पुस्तकें लिहिणें आणि पुस्तकांविषयीं बोलणें हीं तिन्ही कामें आमच्याकडे आहेत. चौथें काम कोणाकडे आहे, हा प्रश्न कोणी विचारीपर्यंत आमच्या ध्यानांतहि आला नव्हता.

तो प्रश्न विचारला जाण्यास एक निमित्त झालें. आमचा गाळा ज्या वाड्यांत आहे तो वाडा पाडून तेथें नवी इमारत उभी राहावयाची आहे. मालकांचें पत्र आलें, कीं दिवाळीपर्यंत गाळा रिकामा करावा. नव्या इमारतींत जागा मिळेल, परंतु ती निम्मी असेल आणि भाडें मात्र पूर्वीच्या दुपटीहून अधिक. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत विचारविनिमय झाला. आमचे बंधु बँकेंत आहेत. त्यांनीं हिशेबाचीं पानें समोर ठेवलीं आणि शांतपणें म्हटलें, “दादा, मी दुकान बंद करा असें म्हणत नाहीं. पण हे आंकडे काय म्हणतात तें तुम्हीच पाहा.”

आंकडे काय म्हणत होते तें आम्हांस पाठ होतें. हल्लीं एखादे सुशिक्षित गृहस्थ दुकानांत येतात, पुस्तक हातांत घेऊन चार पानें वाचतात, खिशांतील मोबाइल काढून मुखपृष्ठाचें छायाचित्र घेतात आणि “पुन्हां येतों” असें म्हणून जातात. पुस्तक दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं पोहोंचतें; फक्त तें आमच्याकडून गेलेलें नसतें. त्यांस दोष तरी कसा द्यावा? स्वस्त मिळेल तेथून वस्तु घेणें हा संसारी माणसाचा धर्मच आहे. पण आमच्या दुकानाचें काम आतां पुस्तक दाखविण्यापुरतेंच उरलें आहे कीं काय, अशी शंका आम्हांस गेलीं कांहीं वर्षें छळीत होती.

आई त्या रात्रीं कांहीं बोलली नाहीं. तिला चौऱ्यायशींवें वर्ष आहे. दोन वर्षांपासून तिची दृष्टि इतकी अधू झाली आहे, कीं मोठा टाइपहि तिला दिसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही चहा घेऊन तिच्याजवळ बसलों, तेव्हां ती म्हणाली, “दुकानाचें काय तें तुम्ही दोघे भाऊ ठरवा. मला एवढेंच सांग, तूं पुस्तकें विकतोस, पुस्तकें लिहितोस. वाचतोस केव्हां रे?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही पुस्तकें चाळतों, मलपृष्ठ वाचतों, प्रस्तावना वाचतों. गिऱ्हाइकास दोन वाक्यें सांगतां येतील इतकी माहिती प्रत्येक पुस्तकाची ठेवतों. यास वाचन म्हणावें काय? मिठाईवाल्याची भूक मेलेली असते म्हणतात. आमचें तसेंच कांहींसें झालें होतें.

आमची पुतणी महाविद्यालयांत शिकते. तिनें हा संवाद दारांतून ऐकला असावा. संध्याकाळीं ती म्हणाली, “काका, तुम्ही भिलार पाहिलें आहे का? पाडव्याच्या आधीं एकदां जाऊन येऊं या. मोटार मी चालवीन.” पुस्तकांच्या गांवाविषयीं आम्ही ऐकून होतों, दोन वेळां त्याबद्दल लिहिलेंहि होतें, पाहिलें मात्र नव्हतें. येथेंहि आमची तीच तऱ्हा!

फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यांत एका बुधवारीं पहांटे आम्ही दोघें निघालों. कात्रजचा डोंगर मागें टाकून शिरवळ, मग खंबाटकीचा घाट, आणि सुरूरपाशीं मोठा रस्ता सोडून वाई. उन्हाळा सुरू झाला होता, तरी कृष्णेच्या घाटावर सकाळचा गारवा होता. ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन आम्ही पायऱ्यांवर थोडा वेळ बसलों. वाईस कोणी मेणवलीचा वाडा पाहावयास येतो, कोणी पुढें थंड हवेच्या ठिकाणीं जावयाचें म्हणून थांबतो. आमच्या धंद्याच्या माणसास मात्र हें गांव निराळ्या कारणासाठीं वंदनीय आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें संन्यास घेतल्यावर झालेले केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथली. धर्मकोशाचें काम येथेंच झालें. त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६० सालीं मराठी विश्वकोशाच्या कामाचे प्रमुख झाले आणि तें कामहि या कृष्णाकांठींच आलें. विश्वकोशाच्या संहितेचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. सोळा वर्षें नोंदी लिहावयाच्या, तपासावयाच्या, पुन्हां लिहावयाच्या, आणि मग पहिला खंड हातीं यावयाचा! आज तोच विश्वकोश इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य वाचतां येतो. पुतणीनें तेथेंच पायरीवर बसून मोबाइलमध्यें ‘वाई’ हा शब्द शोधला आणि नोंद वाचून दाखविली. घाटावर बसून त्या घाटाविषयीं, त्याच गांवीं सिद्ध झालेल्या ग्रंथांतून ऐकण्यांत कांहीं और गोडी होती. आमच्या मनांत मात्र अकरा पाडव्यांची ती वही उघडी होत होती. या मंडळींनीं यादी करून वही मिटली नव्हती.

वाईहून पसरणीचा घाट चढला कीं पांचगणी लागतें. घाटांत मागें वळून पाहिलें तर खालीं वाईचें खोरें आणि धोम धरणाचें पाणी दिसतें. पांचगणीची गर्दी ओलांडून महाबळेश्वरच्या वाटेनें तीन-चार मैल गेलें, कीं भिलारचा फांटा येतो. गांव डोंगरउतारावर, लाल मातीचें. चहूंकडे स्ट्रॉबेरीचे वाफे. हंगाम संपत आला होता. वाफ्यांवर बायका शेवटचीं फळें खुडीत होत्या आणि वाटेच्या कडेस पुठ्ठ्याच्या पेट्यांच्या चळती लागल्या होत्या.

हें गांव ४ मे २०१७ रोजीं ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून उघडलें गेलें. राज्य शासनाची ही योजना, आणि ती राबविणारी राज्य मराठी विकास संस्था. आरंभीं पंचवीस ठिकाणीं मिळून सुमारें पंधरा हजार मराठी पुस्तकें ठेवण्यांत आलीं. हीं ठिकाणें म्हणजे कांहीं नव्यानें बांधलेलीं ग्रंथालयें नव्हेत. गांवकऱ्यांच्या राहत्या घराच्या ओट्या-पडव्या, एखादें देऊळ, एखादी शाळा अशींच तीं आहेत. एका घरीं कविता, दुसऱ्या घरीं कथा, तिसऱ्या घरीं चरित्रें व आत्मचरित्रें, कोठें इतिहास, कोठें मुलांचीं पुस्तकें. भिंतींवर चित्रकारांनीं त्या त्या विषयाचीं चित्रें काढलीं आहेत, म्हणून पत्ता विचारावा लागत नाहीं. कोणीहि यावें, हवें तें पुस्तक काढावें, हवा तितका वेळ बसावें. वाचनास मोल नाहीं.

या कल्पनेचें मूळ विलायतेंत आहे. इंग्लंड व वेल्स यांच्या सीमेवर, वाय नदीच्या कांठीं, हे-ऑन-वाय नांवाचें लहानसें गांव आहे. रिचर्ड बूथ नांवाच्या गृहस्थानें १९६२ सालीं तेथें आगीच्या बंबाच्या जुन्या ठाण्यांत जुन्या पुस्तकांचें दुकान थाटलें. त्याच्यामागून इतर दुकानदार आले, आणि ओसरत चाललेलें तें गांव जुन्या पुस्तकांची पेठ बनलें. या विक्षिप्त गृहस्थानें १ एप्रिल १९७७ रोजीं आपलें गांव स्वतंत्र राज्य झाल्याचें व आपण त्याचा राजा असल्याचें जाहीर केलें! तारीख पाहिली म्हणजे थट्टा कळते. पण थट्टेनें गांवाचें नांव जगभर झालें, हेंहि खरें. पुढें १९८८ पासून तेथें दरवर्षीं मोठा साहित्यमेळा भरूं लागला. बूथ २०१९ सालीं निवर्तला. गांव पुस्तकांवर अद्याप जगत आहे.

परंतु हे-ऑन-वाय आणि भिलार यांत एक मोठा भेद आहे, आणि पुस्तकविक्याच्या तो प्रथम डोळ्यांत भरतो. तेथें पुस्तक विकत घ्यावयाचें. येथें तें वाचावयाचें आणि जागच्या जागीं ठेवावयाचें. आम्हीं पहिल्याच ओट्यावर संवयीनें एका पुस्तकाची किंमत पाहण्यासाठीं पान उलटलें आणि स्वतःशींच हंसलों. येथें किमतीशीं कोणाला काय कर्तव्य?

तें घर आत्मचरित्रांचें होतें. ओटा सारवलेला, त्यावर दोन लांकडी बांकें, भिंतीशीं कपाटें. घरची साठीच्या पुढची बाई सुपांत कांहीं निवडीत बसली होती. आम्हांस पाहतांच म्हणाली, “पुण्यास्नं आलासा व्हय? बसा की निवांत. आज शाळंला सुट्टी न्हाय, म्हंजी गर्दी न्हाय.” पुतणीनें विचारलें, “मावशी, तुम्हीहि वाचतां का यांतलीं पुस्तकें?” बाईनें सूप बाजूला ठेवलें, पदराला हात पुसले आणि कपाटांतून एक पुस्तक काढून आणलें. तें लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ होतें. पाऊण एक पानें झालीं होतीं, आणि खुणेसाठीं स्ट्रॉबेरीच्या पेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी घातलेली होती.

“म्या चौथीपत्तुर शिकल्ये,” ती सांगूं लागली. “लगीन झालं, मंग कुठली पुस्तकं न् काय. ही कपाटं आली तवा पैल्यांदा नुसती धूळ पुसायची. पुसता पुसता एकदा उघडून बघितलं. ही बाई बी लगीन झाल्यावर लिवायला-वाचायला शिकली बगा. मला वाटलं, मंग आपुनबी बगावं. रोज दोन पानं. पावसाळ्यात जरा जास्ती.” महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हां भिलारच्या पावसाळ्याची कल्पना वाचकांनींच करावी. त्या चार महिन्यांत पुस्तकांस ओल लागूं नये म्हणून कपाटें कशीं जपावीं लागतात, ऊन पडेल त्या दिवशीं पुस्तकें कशीं बाहेर काढून चाळवावीं लागतात, हें तिनें आम्हांस एखाद्या मुरलेल्या ग्रंथपालासारखें सांगितलें. कसर आणि वाळवी यांच्याशीं आम्ही तीन पिढ्या लढत आहों. तरी ऐकण्यासारखें होतें.

मग तिनें सहज विचारलें, “तुमी काय करता?” पुस्तकांचें दुकान आहे म्हणतांच तिचा चेहरा उजळला. “मंग समदी वाचून झाली असतील न्हवं तुमची?”

आम्ही “बरींचशीं” असें म्हणालों. पुतणीनें आमच्याकडे पाहिलें आणि मान वळविली. त्या एका शब्दाचें ओझें आम्ही दिवसभर वागवीत होतों.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निबंधांच्या घरीं गेल्यावर आमची नजर कपाटांत कांहींतरी शोधूं लागली. वरची फळी पाहिली, खालची पाहिली, वांकून सर्वांत खालची पाहिली. शाळेच्या वयाची एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, “काका, कुठलं पुस्तक पाहिजे?” आम्ही गडबडीनें भलत्याच लेखकाचें नांव सांगितलें. तिनें तें पुस्तक लगेच काढून दिलें. आमचा संग्रह तेथें नव्हता. आणि दिलेलें पुस्तक घेऊन मुकाट्यानें बसणें भाग होतें. पहिला निबंध नाइलाजानें वाचला. दुसरा आपण होऊन वाचला. चवथा संपला तेव्हां पुतणी जेवावयास चला म्हणून बोलवीत होती, आणि घड्याळांत दीड वाजला होता. किती वर्षांनीं आम्हीं एखादें पुस्तक त्यास गिऱ्हाईक कोण मिळेल याचा विचार न करतां वाचलें होतें!

भिलारांत सर्वच आनंदीआनंद आहे, असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. दुपारीं आम्हीं त्याच पहिल्या ओट्यावर बसून तासभर मोजदाद केली. चौदा माणसें आलीं. त्यांतील तिघांनीं पुस्तक उघडलें. बाकीच्यांनीं रंगविलेल्या भिंतीपुढें उभें राहून छायाचित्रें काढलीं, स्ट्रॉबेरी कोठें मिळेल म्हणून विचारलें आणि तीं निघून गेलीं. आमचे बंधु बरोबर असते तर त्यांनीं हे आंकडे लिहून घेतले असते. आम्हीं निघतांना त्या बाईस विचारलें, “एवढीं माणसें नुसतीं पाहून जातात, याचें वाईट नाहीं वाटत?”

ती म्हणाली, “त्यात काय वाईट? बघत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. एखादं बसतं. त्येच्यासाठीच कपाट उघडं ठिवायचं.”

परतीच्या वाटेवर आम्ही फारसें बोललों नाहीं. पसरणीचा घाट उतरतांना उन्हें कलतीं झालीं होतीं. चौदांपैकीं तीन हें प्रमाण आमच्या दुकानाचेंहि असेल. कदाचित् त्याहून बरें असेल. आम्ही मात्र उरलेल्या अकरांचा राग मनांत धरून बसलों होतों आणि तिघांकडे पाठ फिरवीत होतों. आणि खरें सांगावयाचें तर त्या अकरांतच आमचीहि गणना होती.

रात्रीं घरीं पोहोंचल्यावर आम्हीं दुकानाची किल्ली घेतली, बोळांत जाऊन ‘स्मृतिचित्रें’ची एक प्रत काढून आणली आणि आईजवळ बसून वाचावयास आरंभ केला. हें पुस्तक १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध होत गेलें. आईनें तें माहेरीं आपल्या आईकडून ऐकलें होतें. विनोदाची जागा येण्यापूर्वींच ती हंसूं लागे, आणि मग “वाच, वाच, पुढें काय तें मला ठाऊक आहे” असें म्हणे. पंधरा मिनिटांनीं पाहतों तों धाकटी मुलें उंबऱ्यावर येऊन बसलेलीं. थोड्या वेळानें बंधुहि वर्तमानपत्र बाजूस ठेवून आले.

दुसऱ्या दिवशीं दुकानाविषयीं पुन्हां बोलणें झालें. आम्हीं सांगितलें, कीं निम्मी जागा मिळत आहे तर निम्मेंच दुकान करूं. शालेय पुस्तकांचा व्यवहार सोडूं. तो आतां चौकांतील मोठीं दुकानें आमच्याहून चांगला करतात. जीं पुस्तकें आम्ही वाचलेलीं असतील, किंवा वाचावयास घेतलीं असतील, त्यांवर भर देऊं. एक बांक आणि एक कपाट असें ठेवूं, कीं त्यांतील पुस्तकें विक्रीचीं नसतील. ज्याला बसावयाचें असेल त्यानें बसावें. बंधूंनीं बराच वेळ विचार केला आणि म्हटलें, “एक वर्ष, दादा. पुढच्या पाडव्याला पुन्हां हिशेब मांडूं, आणि तेव्हां आंकडे म्हणतील तें ऐकावयाचें.” आम्ही कबूल केलें. वर्षानंतर काय होईल तें आज सांगतां येत नाहीं. गाळ्याचें भाडें कांहीं वाचनानें कमी होणार नाहीं. पण आतां बंद झालेंच तर तें न वाचलेल्या पुस्तकांचें दुकान म्हणून तरी बंद होणार नाहीं.

पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारली, कडुनिंबाचीं पानें खाल्लीं, आणि वहीचें कोरें पान पुढें घेतलें. यंदां तीसऐवजीं तीनच नांवें लिहिलीं.

पहिलें दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’. हें १९५६ सालचें पुस्तक बारा महिन्यांचें निसर्गवर्णन आहे. तेव्हां तें एका बैठकीस संपविण्याऐवजीं ज्या त्या महिन्यांत ज्या त्या महिन्याचें प्रकरण वाचावयाचें, आणि रविवारीं मुलांस टेंकडीवर नेऊन त्यांत लिहिलेलें डोळ्यांनीं पाहावयाचें, असें ठरविलें आहे. दुसरें विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक सत्तावनच्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत सांपडले. त्यांनीं मागाहून लिहिलेली हकीगत चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केली. ती पावसाळ्यांत, घरच्या सर्व मंडळींसमोर मोठ्यानें वाचावयाची.

आणि तिसरें नांव अकरा पाडव्यांचें. आतां तें सांगण्यास हरकत नाहीं. तो ग्रंथ ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरीवर आम्हीं एक निबंधहि लिहिला आहे. परंतु बारावा अध्याय, पंधरावा अध्याय आणि पसायदान यांखेरीज ती आम्हीं सबंध कधींच वाचलेली नाहीं. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज पंचवीस म्हटल्या तर वर्षांत नऊ हजार एकशें पंचवीस होतात. म्हणजे एक वर्ष पुरेसें आहे. अकरा वर्षें हा साधा गुणाकार आम्हीं केला नव्हता.

आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं ज्यांच्या घरीं अशी लांबलेली यादी असेल त्यांनीं ती कमी करून पाहावी, आणि घरांत ज्यांची दृष्टि अधू झाली आहे त्यांच्याजवळ बसून ती वाचावी. आईस कित्येक अध्याय पाठ आहेत. आम्ही अडखळलों कीं ती पुढची ओवी म्हणते, आणि मुलांस आमच्या अडखळण्याचीच अधिक गंमत वाटते.

हें लिहीत असतां वाचनाचा बाविसावा दिवस आहे. मध्यंतरीं तीन दिवस चुकले. ते परवां रविवारीं भरून काढले.